डॉक्टर ग्रिग्जचे नातेवाईक

टॉलिव्हर गावात थिओला ग्रिग्जला आपलं म्हणावं अशी माणसं दोनच होती, आर्लेथा मावशी आणि मावशीची मुलगी ओझेला. आईबाप ती लहान असतानाच गेले, भाऊ नाही, बहीण नाही, लग्नाच्या भानगडीत ती कधी पडली नाही. पण हॉस्पिटलच्या खिडकीवर जाऊन विचारलं असतंत तर साऱ्या अलाबामात तिच्याएवढा गोतावळा कुणाचा नव्हता. मासळीच्या कारखान्यात मासे सोलणाऱ्या बायका तिच्या मावसबहिणी, शाळेची बस चालवणारा तिचा मामेभाऊ, लाकडाच्या वखारीतली निम्मी माणसं चुलत घराण्यातली. एकदा तर काठी टेकत आलेल्या एका म्हाताऱ्याने छातीवर हात ठेवून सांगितलं की मी डॉक्टर ग्रिग्जचा भाचा. खिडकीमागच्या डार्लीनने चष्म्यावरून त्याच्या पांढऱ्याशुभ्र डोक्याकडे पाहिलं आणि त्याला निमूट आत पाठवलं.

हसण्यासारखंच आहे, आम्हीही हसायचो. पण ही नाती का जोडावी लागली ते ऐकलंत तर तुमचं हसू तिथल्या तिथे विरेल.

जिल्ह्यात हॉस्पिटल एकच, लाल विटांचं. मागच्या दारावरची 'काळ्यांसाठी' ही पाटी कायद्याने कधीच उतरवली होती. पण पाटी काढली म्हणून माणसांच्या पायांची सवय थोडीच जाते? आमची माणसं मागच्याच दाराने आत शिरायची आणि तातडीच्या विभागात सोड्याच्या बाटल्या देणाऱ्या मशीनजवळच्या खुर्च्यांवर बसायची. गोरे पंख्याखाली बसायचे. कुणी कुणाला सांगत नव्हतं, कुणी कुणाला उठवत नव्हतं. कुणाला आधी आत घ्यायचं ते डार्लीनच्या डोक्यात असायचं, आणि तिच्या डोक्यात कुणी काय भरून ठेवलं होतं ते तिचं तिलाही माहीत नव्हतं. बोटात गळ रुतलेला गोरा पोरगा पुढे जायचा आणि पोट धरून बसलेला काळा माणूस बसूनच राहायचा. बरं, डार्लीन वाईट बाई होती म्हणावं तर तेही नाही. बसलेल्यांना पाणी आणून द्यायची, "आत्ता बोलावतील हं" म्हणायची. वाईट असती तर चार शिव्या घालून मोकळं तरी होता आलं असतं.

थिओला नॅशव्हिलहून डॉक्टर होऊन परत आली ती याच हॉस्पिटलसमोर, रस्त्याच्या पलीकडे, न्हाव्याच्या जुन्या दुकानात दवाखाना थाटून बसली. उंच, हाडापेराने मजबूत, बोलणं तुटक. आजाऱ्याला रागवायची आणि मग त्याच्याच घरी जाऊन त्याला सूप पाजायची. आल्या वर्षीच सायलस टब्जचं आतडं हॉस्पिटलातल्या त्या खुर्चीवर बसल्या बसल्या फुटलं. तो वाचला, पण त्याची बायको दवाखान्यात येऊन भिंतीला डोकं लावून रडली, तेव्हा थिओलाच्या तोंडून रागाच्या भरात निघून गेलं, "पुढच्या वेळी सांग त्या बाईला, मी डॉक्टर ग्रिग्जची बहीण म्हणून. बघू कोण बसवून ठेवतंय."

पुढच्या महिन्यात त्यांच्या पोराला धाप लागली. त्या माउलीने खिडकीवर खरंच तसं सांगितलं, आणि पोराला लगेच आत घेतलं. समोरची डॉक्टरीण विचारायला येईल, कागद मागेल, आवाज चढवेल, ही डार्लीनला धास्ती. रविवारपर्यंत अख्ख्या चर्चला बातमी पोचली. त्यानंतर डॉक्टर ग्रिग्जचा वंश जो वाढला तो वाढलाच.

ओझेलाला याची फार गंमत वाटे. ती शाळेच्या स्वयंपाकघरात कामाला होती. अंगाने गुबगुबीत, जिभेने तिखट, आणि घराबाहेर पडायचं तर हॅटशिवाय नाही. रविवारी मावशीच्या स्वयंपाकघरात तिघी जेवायला बसल्या की ती सुरू व्हायची. "अगं थिओ, काल तो पीट लॅनियर मला म्हणतो, आपण चुलत भावंडं लागतो. मी म्हटलं, लागतो ना, मग ख्रिसमसला भांडी घासायला ये. खऱ्या बहिणीने कांदे सोलायचे आणि या उपटसुंभांनी तुझं नाव मिरवायचं!" मावशी हसून हसून डोळे पुसायची आणि थिओलाच्या ताटात आणखी भाजी वाढायची. थिओला पोटभर जेवायची ती आठवड्यातून तेवढी एकदाच.

अशी बरीच वर्षं गेली. थिओला हॉस्पिटलच्या सभांत भांडत राहिली. मिस्टर प्रुइट नावाचे व्यवस्थापक होते, गोड बोलणारे. त्यांनी 'सर्वांना समान सेवा' अशी एक समिती काढली आणि थिओलाला तिची अध्यक्ष केली. तिचा फोटो दर्शनी भिंतीवर लावला. समिती जमायची, केक खायची, उठायची. थिओलाला समजत नव्हतं असं नाही. सोडलं तर बोलायला तिथे आपलं कुणीच उरणार नाही, आणि राहिलं तर तो फोटो दाखवून प्रुइट सगळ्यांची तोंडं बंद करणार. ती राहिली. दर वेळी त्या फोटोखालून जाताना मात्र मान खाली घालायची.

मग नेटी गेली. मासळीच्या कारखान्यात नवीन लागलेली मिसिसिपीकडची पोर, इथे ना नातं ना गोतं. बाळंत होऊन थोडे दिवस झाले होते आणि ताप चढलेला. सोड्याच्या मशीनजवळ ती सकाळपासून बसली होती, शालीखाली तान्हं घेऊन. कुणाचं नाव घ्यायचं ते तिला कुणी सांगितलं नव्हतं. आत घेतलं तेव्हा फार उशीर झाला होता. थिओलाला कळलं ते दुसऱ्या दिवशी, आणि तेही झाडूवाल्याकडून.

त्या रविवारी ती जेवली नाही. मावशीला म्हणाली, माझं नाव म्हणजे औषध होऊन बसलंय, आणि ज्याला ते ठाऊक नाही तो मरतो. मावशीने तिच्या पाठीवरून हात फिरवला आणि विचारलं, "साऱ्या जगाची नातलग कशी होशील गं तू, पोरी?"

ती प्रुइटकडे गेली. त्यांनी कॉफी मागवली. म्हणाले, झालं ते वाईट झालं, पण डॉक्टर, तुमच्या माणसांना तर आम्ही आधी घेतो, तुम्हीच बघा ना. मग आवाज खाली आणून म्हणाले की तुम्ही सरकारकडे जाल, सरकार पैसे रोखेल, हे दार बंद होईल. मग तुमची माणसं माँटगोमेरीपर्यंत जातील, आणि वाटेत किती टिकतील ते तुम्हाला माझ्यापेक्षा चांगलं कळतं. हे सगळं अगदी काळजीच्या सुरात.

थिओला बाहेर आली आणि तिने सरकारकडे तक्रार केली. दार बंद झालं तर काय, हा विचार मनातून जात नव्हता. पण नेटीचं तान्हं कारखान्यातल्या बायका आळीपाळीने सांभाळत होत्या, ते रोज डोळ्यांसमोर होतं.

केंद्र सरकारच्या अटलांटातल्या कचेरीतून निरीक्षक आला. गोरा, मध्यमवयीन, अबोल. तातडीच्या विभागात दोन दिवस कोपऱ्यात बसला, आणि त्याने काय पाहिलं? काळी माणसं येतायत, खिडकीवर काहीतरी पुटपुटतायत, आणि झटक्यात आत जातायत. डार्लीन तर दोन्ही दिवस नवा ब्लाउज घालून आली होती. जाताना तो थिओलाच्या दवाखान्यात आला आणि म्हणाला की तक्रारीत तथ्य दिसत नाही. थिओलाने कपाळावर हात मारला. तिने सगळी नात्यांची कहाणी सांगितली. त्याने ती शांतपणे ऐकली. म्हणाला, "तुमच्यावर माझा विश्वास आहे, डॉक्टर. पण मला सांगोवांगी चालत नाही, मला दिसावं लागतं. ख्रिसमसच्या आत मी पुन्हा एकदा येईन. कधी ते सांगणार नाही."

तिच्याच नावाने तिचा गळा धरला होता. लोक ते नाव घेत राहिले तर त्या माणसाला काही दिसणार नाही, आणि नेटीसारख्या पोरी मरत राहतील. लोकांनी नाव घेणं सोडलं तर दिसेल, पण ते कुणाच्या तरी अंगावरच दिसेल.

ती रेव्हरंड मोझलींकडे गेली. रेव्हरंड वयाने मोठे, सावध माणूस. तो निरीक्षक येऊन जाईपर्यंत कुणी माझं नाव घेऊ नये, हे तुम्ही चर्चमध्ये सांगा, असं ती म्हणाली. त्यांनी विचारलं, आणि त्या खुर्चीत कुणी गेलं तर? ती म्हणाली, "आत्ताही जातायतच, रेव्हरंड. फक्त मला न ओळखणारे जातायत." रेव्हरंड म्हणाले की हे मी सांगणार नाही, तुझं तू सांग. तेही बरोबरच होतं म्हणा.

तिने सांगितलं. रविवारची प्रार्थना झाल्यावर पुढे उभी राहिली आणि एकेक गोष्ट समजावली. छातीत कळ आली, रक्त थांबेना, मूल निपचित पडलं तर सरळ माझ्या दवाखान्यात या, नाहीतर माझं नाव घ्या, तेव्हा विचार करत बसू नका. पण बाकी कशासाठी गेलात तर फक्त आपलं नाव सांगा आणि बसा. मग मधल्या बाकावरून ओझेला उठली, डोक्यावर तिची ती पिवळी हॅट. "आणि मी गं? मी तर जन्मापासून तुझी बहीण म्हणूनच सांगत आलेय."

सगळे हसले. थिओलाही हसली, आणि म्हणाली, "तूसुद्धा नाही."

काळ्यांच्या चर्चमध्ये काय बोललं गेलं ते गोऱ्यांच्या कानावर जात नाही, आमच्याकडे ते कधीच गेलेलं नाही. डार्लीनला एवढंच जाणवलं असेल की डॉक्टरचे नातेवाईक अचानक आटले. खुर्च्या पुन्हा भरायला लागल्या. थिओलाला तिकडे पाऊल टाकण्याचीही सोय नव्हती. ती दिसली की परिचारिका ताठ व्हायच्या, डार्लीन भराभर नावं पुकारायची. तो माणूस नेमका तेव्हा तिथे असला तर? म्हणून ती दवाखान्याच्या खिडकीतून रस्त्यापलीकडचं दार बघत राहायची. कोण आत गेलं, कोण बाहेर आलं, कोण अजून आलं नाही. आजारी तपासता तपासता तिची नजर तिकडे जायची. पिंजऱ्यात घातलेलं जनावर जसं एकाच गजापाशी येऊन उभं राहतं, तशी तिची गत झाली होती. कुणाचा ताप बळावला, कुणाची जखम चिघळली. नशिबाने निभावलं. लोक तक्रार करत नव्हते, उलट दवाखान्यात येऊन सांगायचे, "बसलो होतो हो डॉक्टर, दुपारपर्यंत बसलो," जणू तिला भेटच आणलीय. ते ऐकून तिला आणखी अपराधी वाटायचं.

नोव्हेंबरात एका सकाळी तिला खिडकीतून पिवळी हॅट दिसली. ओझेला शाळेच्या बसमधून उतरली, एक हात कपाळाशी नेला, आणि हॉस्पिटलच्या मागच्या दाराने आत गेली.

थिओलाच्या हातात कुणाचंसं मनगट होतं. तिने नाडी पुन्हा मोजायला घेतली. ओझेलाला रक्तदाब होता, तो थिओलाला ठाऊक होता, गोळ्या ती स्वतःच देत होती आणि ओझेला त्या विसरते हेही ठाऊक होतं. मनाला म्हणाली, शाळेतली कुणीतरी दाखल असेल, तिला भेटायला गेली असेल. मग म्हणाली, डोकं दुखत असेल. जास्त असतं तर इथेच आली असती, रस्ता ओलांडायचा तेवढाच तर प्रश्न. दारापर्यंत जाऊन ती एकदा परत आली. दुपार होत आली तरी पिवळी हॅट बाहेर आली नव्हती. तिने पुढच्या आजाऱ्याला बोलावलं.

खरं काय झालं होतं ते नंतर मावशीने सांगितलं. ओझेलाचं डोकं सकाळपासून ठणकत होतं, डोळ्यांपुढे ठिपके नाचत होते. मावशी म्हणाली, थिओकडे जा. ओझेला हॅट घालत म्हणाली, दुखतंयच तर तिकडेच जाऊन बसते, तेवढंच थिओचं काम होईल.

दुपारी रस्ता ओलांडून पळत आला तो अटलांटाचा निरीक्षक. डोक्यावर टोपी, अंगात वखारीतल्या माणसासारखं जाकीट, त्या दिवशी त्याला कुणीच ओळखलं नव्हतं. दारातच तो म्हणाला, "तुमचं बरोबर होतं, डॉक्टर. मी सकाळपासून तिथे आहे. नंतर आलेली सगळी गोरी माणसं आत गेली. आत्ता एक बाई खुर्चीतून खाली कोसळली, मी सगळं पाहिलं."

थिओलाने विचारलं, "पिवळी हॅट होती?"

त्याने होकारार्थी मान हलवली. ती त्याला बाजूला सारून धावत सुटली.

ओझेला वाचली. पण मेंदूतली नस फुटली होती. उजवं अंग गेलं आणि वाचा गेली. माणसं ओळखायची, डोळ्यांनी मागे मागे यायची, तोंड उघडायची, आणि आतून फक्त एक घोगरा आवाज यायचा. ती चिडायची, डाव्या हाताने अंथरूण बडवायची. त्या जिभेपुढे अख्खं गाव टेकीला यायचं, हो. बर्मिंगहॅमच्या मोठ्या डॉक्टरांनी स्पष्ट लिहून दिलं की सकाळी नुसता दाब मोजून औषध दिलं असतं तर बहुधा हे टळलं असतं.

वसंतात माँटगोमेरीला सुनावणी झाली. छोटीशी खोली, लांब टेबल, मागे बाकांवर आमची माणसं. मावशी पहिल्या बाकावर, काळे हातमोजे घालून. आदल्या दिवशी सरकारी वकीलबाईंनी थिओलाला बजावलं होतं की विचारतील तेवढंच बोला. तुम्ही चर्चमध्ये काय सांगितलंत ते बाहेर आलं तर ते म्हणतील, सगळं ठरवून केलेलं नाटक आहे, आणि केस गेलीच म्हणून समजा. थिओलाने होकार दिला होता.

आधी डार्लीनची साक्ष झाली. ती रडकुंडीला आली होती. हॉस्पिटलच्या वकिलाने तिला अगदी हळुवारपणे विचारलं, त्या बाईने कसली तक्रार सांगितली? डार्लीन म्हणाली की डोकं दुखतंय एवढंच म्हणाली, बसते म्हणाली. मग आपण कशा काळजीवाहू ते दाखवायला तिने पुढचंही सांगितलं. "मी तिला विचारलंसुद्धा. म्हटलं, तू पण डॉक्टर ग्रिग्जची नातेवाईक का? तर म्हणाली, नाही मॅडम."

थिओलाला हे पहिल्यांदाच कळत होतं. तिने टेबलाची कड घट्ट धरली. मागे मावशीच्या तोंडून एक बारीकसा हुंदका फुटला.

वकिलाला हवं तेच मिळालं होतं. थिओलाची पाळी आली तेव्हा तो म्हणाला, पाहा डॉक्टर, बाईने त्रास नीट सांगितला नाही, ओळख सांगितली नाही, विचारलं तर नाही म्हणाली. बिचाऱ्या अडाणी बाईची चूक आहे, त्याला हॉस्पिटल काय करणार?

अडाणी! ओझेलाला अडाणी म्हणाला तो. सरकारी वकीलबाई थिओलाकडे बघून डोळ्यांनी गप्प राहायला सांगत होत्या. गप्प राहिली असती तरी निरीक्षकाच्या साक्षीवर केस कशीबशी उभी राहिली असती, पण ओझेला मात्र कागदावर कायमची मूर्ख ठरली असती.

"ती माझी मावसबहीण आहे," थिओला म्हणाली. "आम्ही एका अंथरुणात वाढलोय. तिला माझं नाव घेऊ नकोस असं मी सांगितलं होतं. सगळ्या चर्चदेखत." मग ती डार्लीनकडे वळली. "डार्लीन, ती हो म्हणाली असती तर?"

वकील उठून हरकत घ्यायच्या आत डार्लीन बोलून गेली, कारण ती मुळात खोटं बोलणारी बाई नव्हती. "मग लगेच आत घेतलं असतं."

प्रुइटनी डोळे मिटून घेतले. वकिलाने स्वतःला सावरलं आणि वळण बदललं. त्या सकाळी तुम्ही कुठे होता, डॉक्टर? दवाखान्यात. तिथून हॉस्पिटलचं दार दिसतं? दिसतं. तुमची बहीण आत जाताना तुम्ही पाहिलीत?

हे कुणालाच माहीत नव्हतं. वकीलबाईंना नाही, रेव्हरंडना नाही, मावशीला नाही. वकिलाने अंधारातच दगड मारला होता. नाही म्हटलं असतं तर तिथेच मिटलं असतं. थिओलाने मागे वळून मावशीकडे पाहिलं नाही.

"पाहिली," ती म्हणाली. "कपाळाला हात लावलेला पाहिला."

"आणि गेला नाहीत?"

"नाही. मी गेले असते तर तिला तेव्हाच आत घेतलं असतं. मग निरीक्षकांना काहीच दिसलं नसतं."

"म्हणजे तिला तिथे बसवलंत तुम्ही."

"बसवलं मी," थिओला म्हणाली. "बसवून ठेवलं तुम्ही."

मागे बाक करकरला. मावशी उठली होती. कुणाकडेही न बघता, हातमोजे सारखे करत, ती दार उघडून बाहेर गेली.

केस जिंकली. उन्हाळ्याआधी आदेश आला. आता दारातच एक परिचारिका बसते, येणाऱ्या प्रत्येकाचा दाब आणि ताप बघते, आणि जास्त आजारी असेल त्याला आधी आत पाठवते, मग तो कुणाचा कोणीही असो. हॉस्पिटल काही बंद पडलं नाही, पैसा आला तसा येतच राहिला. डार्लीन अजून तिथेच आहे आणि नव्या पद्धतीने नीट काम करते. डॉक्टरचं नाव कुणाला घ्यावं लागत नाही. लोक थिओलाला रस्त्यात थांबवून हात हातात घेतात, आणि चर्चमध्ये तिच्यासाठी उभे राहतात. बर्मिंगहॅमहून मोठी नोकरी चालून आली, ती तिने नाकारली. ओझेलाला सोडून ती जाणार कुठे?

सुनावणीनंतरच्या पहिल्या रविवारी ती मावशीकडे गेली. नेहमीसारखी बाजूच्या दाराने, स्वयंपाकघराच्या. दार आतून लावलेलं होतं. तिने वाजवलं, मग वळसा घालून पुढे आली. मावशीने पुढचं दार उघडलं. अंगात चर्चचा झगा, केस नीट बसवलेले.

"या, डॉक्टर," मावशी म्हणाली.

पुढची खोली पाहुण्यांची. सोफ्याला प्लॅस्टिकचं आवरण, टेबलावर लेसचा रुमाल. तिथे रेव्हरंड बसायचे, विम्याचा माणूस बसायचा. थिओला या घरात वाढली, पण त्या सोफ्यावर बसायची पाळी तिच्यावर कधी आली नव्हती. आतून कांदा परतल्याचा वास येत होता. ती म्हणाली, मावशी, मी आत येते, ओझेलाला भरवते. मावशी म्हणाली की ओझेलाचं आवरायचंय अजून, आवरलं की सांगते. बोलण्यात राग म्हणून नव्हता. दाब बघायला आलेल्या कुणाही डॉक्टरशी बोलावं तसं ती बोलत होती. जाताना तिने कॉफी भरलेला पाहुण्यांचा कप बशीसकट थिओलापुढे ठेवला.

"मावशी," थिओला म्हणाली, "मी थिओ आहे गं."

मावशी दाराशी थांबली. तिचा हात चौकटीवर होता. क्षणभर वाटलं, ती वळेल.

"बसा तुम्ही," मावशी म्हणाली. "बोलावते मी."

आत भांड्यांचा आवाज सुरू झाला. ओझेलाचा तो घोगरा आवाजही आला, काहीतरी मागत होती ती. थिओला उठायला गेली आणि पुन्हा बसली. कॉफी निवून गेली तरी तिला कुणी बोलावलं नाही.